जिंकलेल्या संघाचे तिकीट

जळगावहून धुळ्याला जाणारे प्रवासी दोन प्रकारचे असतात. ज्यांच्या खिशात स्वतःचे पैसे आहेत ते, आणि ज्यांच्या खिशात संस्थेचे पैसे आहेत ते. पहिला प्रवासी खिडकीशी बसून गिरणेचे पात्र पाहतो, कपाशीची शेते पाहतो, एरंडोल आले की पांडववाड्याची आठवण काढतो. दुसऱ्याला ही चैन परवडत नाही. तो तिकिटे मोजतो, मग मुली मोजतो, मग पुन्हा तिकिटे मोजतो. आणि दोन्हींचा आकडा जुळला की पावती कुठल्या खिशात ठेवली ते चाचपीत बसतो.

मी मराठीचा प्राध्यापक असून या दुसऱ्या वर्गात मोडतो, याचे कारण साधे आहे. महाविद्यालयात क्रीडासंचालक एक असतो आणि संघ अनेक. कबड्डीचे सामने धुळ्याला आणि खो-खोचे नंदुरबारला एकाच आठवड्यात आले, की प्राचार्यांची नजर स्टाफरूममधून फिरत फिरत ज्याच्या तासाला हजेरी बेताची असते अशा गृहस्थावर येऊन थांबते. गेली काही वर्षे ती माझ्यावर थांबते आहे. त्यामुळे कधी मुलांच्या, कधी मुलींच्या कबड्डी संघाचा व्यवस्थापक म्हणून मी खानदेश पालथा घातला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने हा प्रदेश धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातल्या दप्तरांतून पाहावा, खवय्याने भरीत आणि कळण्याच्या भाकरीतून पाहावा. मी तो व्हाउचरांतून पाहिला.

व्हाउचरांतून पाहिले म्हणजे एक गोष्ट फार लवकर ध्यानात येते. खेळात हरणे स्वस्त असते. हरलेला संघ संध्याकाळच्या गाडीने घरी येतो, आगाऊ घेतलेल्या रकमेतले चार पैसे उरतात, आणि हेडक्लार्क प्रसन्न असतात. जिंकलेल्या संघाला मुक्काम करावा लागतो, दोन वेळा जेवावे लागते, आणि पुढच्या गावाचे तिकीट काढावे लागते.

शहरातल्या वाचकांना ही शिडी ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचे मिळून आमचे विद्यापीठ. खेळासाठी त्याचे जळगाव, एरंडोल, धुळे आणि नंदुरबार असे चार विभाग. महाविद्यालये आधी आपापल्या विभागात खेळतात, मग विभाग एकमेकांशी भिडतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. त्याचे शिबिर भरते. आणि मग तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ सामन्यांना जातो. ते सामने कधी गुजरातेत, कधी राजस्थानात, कधी मध्य प्रदेशात. तिथे पहिल्या चारांत आला तर अखिल भारतीय स्पर्धा. पहिल्या पायऱ्यांचा खर्च महाविद्यालयाच्या जिमखाना फीमधून होतो, वरच्या पायऱ्यांचा विद्यापीठ उचलते. कागदावर ही व्यवस्था चोख आहे.

पूर्वीच्या मानाने तर ती सोन्यासारखी म्हटली पाहिजे. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव एकाचे ठाणे, धुळे दुसऱ्याचे. १९४५ साली जळगावला मूळजी जेठा आणि अमळनेरला प्रताप ही महाविद्यालये निघाली, तेव्हा विद्यापीठ मुंबईला होते. १९४९ नंतर ते पुण्याला आले. म्हणजे खानदेशातल्या खेळाडूला विद्यापीठाच्या मैदानावर आपले कसब दाखवायचे तर आधी रात्रभराचा प्रवास करून पुणे गाठावे लागे. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, आणि विद्यापीठाचे दार बांभोरीजवळ गिरणेच्या काठी आले. धुळ्याची एस्. टी. त्या दारावरूनच जाते. दार जवळ आले, एवढे खरे. दारापर्यंत येणाऱ्याच्या घरचे काय, ते मला पारोळ्याला कळले.

त्या वेळी मी मुलींचा संघ घेऊन धुळ्याला निघालो होतो. बारा मुली, एक सहकारी प्राध्यापिका आणि मी. मुलींचा संघ ही एके काळी कार्यालयाच्या दृष्टीने महागाची बाब होती. बरोबर एक बाई हव्यात, राहायला नीट बंदोबस्ताची खोली हवी; एवढा खर्च कशाला, अशी कुजबुज होई. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एस्. टी.चे तिकीट बायकांना अर्धे झाले आणि कुजबुज एकदम थांबली. २०२५च्या जानेवारीत भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले, तेव्हा तर आमचे हेडक्लार्क मला गंभीरपणे म्हणाले, "सर, ह्यापुढे पोरींचाच संघ नेत जा. पोरं परवडत नाहीत." स्त्री-पुरुष समानतेवर मी आजवर पुष्कळ व्याख्याने ऐकली, पण भाडेपत्रकाइतके काम त्यांतल्या एकानेही केलेले मला आठवत नाही.

जळगाव ते धुळे हे अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचे. दोन्ही गावांत रेल्वे आहे, पण दोघांमध्ये सरळ रेल्वे नाही. धुळ्याचा फाटा १९०० सालापासून चाळीसगावला जाऊन मिळतो, आणि जळगावला यायचे तर तिथून मोठ्या लाइनीने वळसा घ्यावा लागतो. तेव्हा रस्ताच बरा. बांभोरीचा पूल गेला, पाळधी गेले, एरंडोल गेले. मुलींनी गाणी म्हटली. मागच्या बाकाखाली केळ्यांचा एक भला मोठा घड होता. आमचा एक जुना खेळाडू आता केळीचा बागाईतदार आहे. दर मोसमाला तो संघाला घड पाठवितो. जळगावच्या केळ्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान सगळ्यांनाच आहे. मला मात्र त्यांचे मोठेपण निराळे वाटते. केळ्याला व्हाउचर लागत नाही.

पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली. आमच्या संघातली सगळ्यांत चपळ चढाई करणारी मुलगी याच तालुक्यातली. ती जळगावला वसतिगृहात राहते. तिचे वडील फडक्यात भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा बांधून उभे होते. एकटीला पुरतील एवढ्या नव्हेत, साऱ्या संघाला पुरतील एवढ्या. गाठोडे खिडकीतून आत देऊन त्यांनी मला विचारले, "सर, कितला दिन?"

मी म्हणालो, "हरलो तर रात्रीच परत. जिंकलो तर उद्याचा दिवस. आणि हिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर शिबिराचे आणि बाहेरगावच्या सामन्यांचे मिळून आणखी पंधरा-वीस दिवस."

त्यांनी मनाशी काही मोजले आणि हसून म्हणाले, "म्हंजे जितली जिंकी तितला खर्चा!"

मोसम कपाशीच्या वेचणीचा होता. बोंडे फुटली की कापूस झाडावर थांबत नाही. अवकाळी पाऊस आला तर पांढरे सोने काळे पडते. वेचणी बहुतेक बायकामुलींच्या हातांनी होते आणि मजुरी किलोवर मिळते. ही मुलगी दर शनिवारी रात्री घरी जाई, रविवारी दिवसभर वेची आणि सोमवारी सकाळी तासाला हजर होई. त्यांच्या स्वतःच्या थोड्या शेतात तिचे हात लागत, आणि दुसऱ्याच्या शेतात तिची मजुरी येई. कबड्डीचे सामने नेमके याच दिवसांत येतात. तेव्हा ती जिंकली की घरात दोन हात कमी. हे नुकसान कुठल्याच जिमखान्याच्या खतावणीत दिसत नाही.

धुळ्याला आम्ही जिंकलो. पांझरेच्या काठच्या त्या गावात रात्री मुलींना शेवभाजी खाऊ घातली, कारण भत्त्यात बसणारी आणि पोट भरणारी वस्तू तीच होती. दुसऱ्या दिवशी अंतिम सामनाही मारला. आमच्या दोन मुलींची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. त्यांतली एक पारोळ्याची. मी फोन केला तेव्हा तिचे वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "जाऊ द्या तिले." मागाहून कळले की शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून तिच्या वाटची वेचणी उचलली होती. फुकट नव्हे; परत आल्यावर तिने त्यांच्या शेतात तितकेच दिवस भरून द्यायचे, अशी बोली होती. तिने ते भरून दिले.

यापुढचा प्रवास रेल्वेचा. तिथेही एक हिशेब बदलला आहे. राज्य आणि अखिल भारतीय स्पर्धांना जाणाऱ्या खेळाडूंना दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात पूर्वी ७५ टक्के सवलत मिळे. बारा जणांचा संघ तिघांच्या पैशांत राजस्थान गाठी. करोनाच्या साथीत, २० मार्च २०२० पासून, रेल्वेने बहुतेक सवलती थांबविल्या. रुग्ण, दिव्यांग आणि विद्यार्थी यांच्या काही सवलती तेवढ्या राखल्या. खेळाडू त्या यादीत नव्हते. तिकिटाचे पैसे विद्यापीठ देते हे खरे. पण थैली तीच असली आणि तिकीट चौपट झाले, तर कात्री कुठे तरी लागतेच. शिबिराचा एखादा दिवस कमी होतो, नाही तर जेवणाचा भत्ता आहे तिथेच राहतो.

हे सारे आपल्याकडच्या गरिबीमुळे, असे कुणाला वाटेल. म्हणून श्रीमंतांच्या घरात डोकावून पाहावे. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा मोठाच बाजार आहे. त्यांचा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून धडका मारायचा. मोसम संपला की निवडक संघांना दूरच्या गावी बोलावून 'बाउल' नावाचे सामने होतात. १९०२ साली कॅलिफोर्नियात पॅसाडेना येथे अशा पहिल्या सामन्याला मिशिगनचा संघ रेल्वेने देश ओलांडून गेला. पुढे असे सामने वाढत गेले आणि बोलावणे येणे हा मान ठरला.

या मानाची किंमत कनेक्टिकट विद्यापीठाला १ जानेवारी २०११ रोजी कळली. त्यांचा संघ ॲरिझोनातल्या 'फिएस्टा बाउल'ला गेला. बोलावण्याबरोबर अट होती : सामन्याची १७,५०० तिकिटे विद्यापीठाने विकत घ्यायची आणि आपल्या चाहत्यांना विकायची. देशाच्या या टोकाहून त्या टोकाला इतके चाहते जाणार कसे? बहुतेक तिकिटे पडून राहिली. सामना ४८-२० असा हरले तो हरलेच, वर विद्यापीठाला पंधरा लाख डॉलरांहून अधिक खोट बसली. मोसमात चांगले खेळले नसते तर हा खर्च वाचला असता! पारोळ्याच्या शेतकऱ्याचे गणित त्यांनाही लागू पडले.

फरक आहे तो पुढे. तिकडे ज्यांच्या अंगमेहनतीवर हा बाजार उभा होता, त्या मुलांना स्वतःच्या नावावर पैसे मिळविण्याची मुभा १ जुलै २०२१ रोजी मिळाली, आणि २०२५च्या जूनमध्ये न्यायालयाच्या मान्यतेने विद्यापीठांनी त्यांना सरळ मोबदला देण्याची वाट खुली झाली. त्या श्रीमंत देशाला इतकी वर्षे लागली, पण प्रश्न नेमका विचारला गेला : खेळणाऱ्याच्या वेळेची किंमत कोण देतो?

आपल्याकडे हा प्रश्न विचारायला कोटी-लाखांची गरज नाही. एका मुलीचे पंधरा-वीस दिवस, आणि त्या दिवसांची वेचणीची मजुरी, एवढाच तो आहे. वर्तमानपत्रात 'संघ विजयी' अशी दोन ओळींची बातमी येते. प्राचार्यांचा हार घातलेला फोटो येतो. विजयाचा मान संस्थेकडे जातो आणि विजयाची किंमत कपाशीच्या शेतात चुकती होते. हा व्यवहार मला न्यायाचा वाटत नाही.

म्हणून आम्ही काही जणांनी यंदा एक लहानसा फंड उभा केला. जुलैत, मोसमाला अजून अवकाश असतानाच, प्राध्यापकांनी आणि जुन्या विद्यार्थ्यांनी यथाशक्ती वर्गणी घातली. केळीवाल्या बागाईतदाराने घडाबरोबर या वेळी पाकीटही पाठविले. नियम एकच : जो मुलगा किंवा मुलगी पुढच्या फेरीला जाईल, त्याच्या घरी जितके दिवस तितकी मजुरी पोचती करायची. ती बक्षीस म्हणून द्यायची नाही, मदत म्हणूनही नाही.

हेडक्लार्कांनी हिशेबाची वही उघडली आणि लेखणी अडली. "सर, ही रक्कम कुठल्या सदरात घालू? कापूस-वेचणी असे सदर जिमखान्यात नाही."

थोडा विचार करून त्यांनी आपणच लिहिले : प्रवासखर्च. मला ते पटले. लेखापरीक्षकांनी पुढे विचारलेच, तर उत्तर तयार आहे. त्या मुलीचा प्रवास पारोळा तालुक्यातल्या शेताच्या बांधावरून सुरू होतो. हिशेबही तिथूनच धरला आहे.