सोळा पिसे

१५ मे २०२२, रविवार. रामदासपेठेतील एका जैन व्यापारी कुटुंबाचे लक्ष त्या दुपारी जेवणात नव्हते. बँकॉकमध्ये थॉमस करंडकाचा अंतिम सामना चालू होता. समोर १४ वेळचा विजेता इंडोनेशिया. पाचपैकी तीन लढती जिंकणे आवश्यक. लक्ष्य सेनने पहिला गेम ८-२१ असा गमावला, तेव्हा दादाजींनी चष्माच काढून ठेवला. पण लक्ष्य सावरला. सात्विकसाईराज आणि मुंबईच्या चिराग शेट्टीने दुहेरी जिंकली, श्रीकांतने करंडक निश्चित केला. नातीला मात्र उबेर करंडकात मुली थायलंडकडून हरल्याची हळहळ अधिक. नागपूरच्या मालविका बनसोडने जानेवारीत सायना नेहवालला हरवले, तेव्हापासून तिच्या हाती रॅकेट आले होते.

त्याच आनंदात तिने स्पर्धेसाठी आणलेला शटलचा डबा दादाजींपुढे ठेवला. प्रत्येक शटलला सोळा पिसे, बदकांच्या किंवा हंसांच्या पंखांतली. दादाजी गप्प झाले. मुलीला खेळू नको म्हणणे त्यांना जमेना. डबा घरात ठेवणेही जमेना. नायलॉनच्या शटलवर सराव होतो, पण त्याची झेप निराळी आणि मोठ्या स्पर्धांत चालते ते पिसांचेच. जागतिक महासंघाने २०२१ पासून कृत्रिम पिसांच्या शटललाही परवानगी दिल्याचे नातीनेच शोधून सांगितले. ती मिळतात कुठे आणि काय भावाने, हा प्रश्न दादाजींचा. सोमवारी दुकान उघडताच त्यांनी पहिला फोन त्याच चौकशीचा केला.