भिंतीतला पलंग

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने लोणावळ्यात एका खोलीचे घर घेतले आणि आशीर्वादासाठी आम्हांस बोलावणे आले. प्रार्थना आटोपल्यावर कर्त्या मुलाने भिंतीजवळचे कपाट खाली ओढले. पाहतो तो दार नव्हेच, पलंगाचा तळ! गादी-उशीसह अख्खा पलंग अलगद जमिनीवर टेकला. दोन्ही बाजूंस गॅसचे दट्टे असतात, ते वजन तोलून धरतात. कपाट मात्र भिंतीला बोल्टांनी पक्के आवळलेले हवे, नाहीतर सगळेच अंगावर यायचे. आम्ही तोंड भरून कौतुक केले. जरा अधिकच केले.

अशा पलंगाला ज्यांचे नाव पडले ते विल्यम मर्फी १९०० च्या सुमारास सान फ्रान्सिस्कोत एकाच खोलीत राहत. निजण्याच्या खोलीत स्त्रीला बोलावणे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. म्हणून त्यांनी पलंगच दडवला, अशी कथा सांगतात. मावळातल्या घरांना हे शिकायला इतके दूर जावे लागले नाही. पहाटे गोधड्यांच्या घड्या वलणीवर जात आणि निजल्या जागी न्याहारीची पाने मांडली जात. घाटातून रोज धावणाऱ्या आगगाडीतला मधला बर्थ तरी दुसरे काय आहे? त्यालाही नियम आहे : रात्री १० ते सकाळी ६.

पण ज्याला सकाळी उठवतच नाही, त्याने काय करावे?

त्या घरातल्या आजींना पावसाळ्यात कमरेचे दुखणे जडले. पहिल्या शुक्रवारी आम्ही पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन गेलो, तो पलंग भिंतीत बंद आणि आजी प्लास्टिकच्या खुर्चीत, ओठ आवळून बसलेल्या.

"निजला का नाहीत, आजी?"

"मी निजले तर पोरांनी अभ्यासाला बसायचं कुठं, फादर? तुम्हीच म्हणालात ना, पलंग मिटला की घर केवढं मोठं होतं!"

"आम्ही नको म्हणतो, पण त्या ऐकतच नाहीत," सूनबाई कळवळून म्हणाल्या.

आमची मान खाली गेली. आजींना विश्रांतीचा उपदेश करून उपयोग नव्हता; स्वतःसाठी त्यांनी आयुष्यात जागा मागितली नव्हती. तेवढ्यात कपाटाच्या फटीतून कुबट वास आला. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक. बंद कपाटात गादीला बुरशी धरणारच.

"आजी," आम्ही म्हणालो, "एवढी महागाची गादी वाया जाईल. पाऊस सरेपर्यंत पलंग उघडाच ठेवा. नुसता उघडा नको, कोणीतरी वर निजून ती ऊबदार ठेवली पाहिजे."

गादीसाठी म्हटल्यावर आजी तयार झाल्या. मुले सायंकाळी चर्चच्या पडवीत अभ्यासाला येऊ लागली.

आता नोव्हेंबर लागला आहे. परवा आजींनी विचारले, "फादर, गादी वाळली असंल ना आता?"

आम्ही गादीवर हात ठेवला. ती खडखडीत कोरडी होती.

"अजून जराशी ओल आहे, आजी," आम्ही म्हणालो.