वाणी आणि व्हाउचर

आमच्या मंडळीतली बरीच घरं मूळची नगर जिल्ह्यातली. वडील टेल्कोत नाहीतर बजाजमध्ये लागले आणि आम्ही पिंपरी-चिंचवडचे झालो. चिखलीकडे भाड्याच्या हॉलमध्ये उपासना भरते. पाळकसाहेबांची वाणी अशी, की नाइट शिफ्ट उरकून आलेला माणूसही संदेशात डुलकी घेत नाही. कृपादान आहे, यात वाद नाही.

मी चाकणला एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. तिथं चार बोल्ट कमी भरले तरी कारण लिहून सही करावी लागते. त्याच सवयीनं, मंडळीच्या कमिटीवर आल्यावर मी बांधकाम निधीची व्हाउचरं मागितली. साहेब काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी संदेशाचा विषय होता, पैशाचा हिशोब विचारणारा यहूदा. (शुभवर्तमानात थैली यहूदाकडेच होती आणि तो तिच्यातून चोरायचा, एवढं मात्र संदेशात आलं नाही.)

बाहेर एक मावशी म्हणाल्या, "बाळा, अभिषिक्तावर बोट उचलू नये. त्यांच्या प्रार्थनेनं माझा नातू उठून बसला." अडतं ते इथंच. प्रत्येकाला साहेबांकडून काहीतरी मिळालेलं. शिवाय 'आमचे साहेब' म्हणून नगरच्या पाहुण्यांत मिरवणारे आम्हीच. गर्व त्यांच्या एकट्याचा नव्हता.

आमची तरुण मुलं मोबाइलवर रवी झकरायस ऐकायची. मद्रासमध्ये जन्मलेला, जगभर गाजलेला वक्ता. 2017 मध्ये कॅनडातल्या एका स्त्रीनं त्यांच्याविरुद्ध तक्रार केली तेव्हा त्यांच्या संस्थेनं त्यांचीच बाजू घेतली. 2020 मध्ये ते वारले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये त्याच संस्थेनं नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला: मालिश करणाऱ्या अनेक स्त्रियांशी लैंगिक गैरवर्तन. मुलांनी विचारलं, इतकी वर्षं कुणाला दिसलं कसं नाही?

कमिटीतले एक वडीलधारे म्हणाले, सेवकाचे दोष चारचौघांत काढणं आपली रीत नव्हे. मी म्हटलं, काका, रेव्हरंड टिळकांची तसबीर तुमच्या भिंतीवर आहे. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त काय झाकलं? नवऱ्याचा तापटपणा, न सांगता घरातून निघून जाणं, घरात चणचण असताना हात सैल सोडणं, सगळं लिहिलं, तेही हसत. 1934 पासून ते छापून सगळ्यांसमोर आहे. टिळकांचं नाव त्यानं कमी झालं का? काका गप्प बसले, पण पुढच्या बैठकीत त्यांनीच हिशोब नीट तपासून घेण्याचा ठराव मांडला.

ट्रस्टला 1950 च्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्यानं ऑडिट बंधनकारकच आहे. आमच्याकडे ते कागदापुरतं चालायचं. या वेळी ऑडिटरनं पावती न् पावती मागितली. पैसे साहेबांनी खाल्ले नव्हते. कुणाच्या दवाखान्याला, कुणाच्या फीला, आणि बरेचसे नव्या साउंड सिस्टिमला गेले होते. कुणाला विचारलं नव्हतं, इतकंच. "मला विचारणारे तुम्ही कोण?" हे त्यांनी बैठकीत दोनदा म्हटलं. चोरी सापडली असती तर बैठक लवकर संपली असती, असं मला अजून वाटतं.

आता चेकवर दोन सह्या लागतात, त्यांतली एक माझी. दोन कुटुंबं मंडळी सोडून गेली. साहेब संदेश पूर्वीसारखाच देतात. माझ्या घरी मात्र येत नाहीत.