मांडीवरचं मूल

नागासाकी स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्याच चढावर निशिझाकाची टेकडी लागते. वर ब्राँझच्या सव्वीस आकृत्या एका ओळीत उभ्या आहेत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी इथे सव्वीस ख्रिस्ती माणसांना क्रुसावर चढवलं. त्यांतला एक आपल्या वसईचा, गोन्सालो गार्सिया. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा दुभाषा होता तो. त्याचं नाव सापडल्यावर बराच वेळ माझा पाय तिथून निघेना.

मागच्या संग्रहालयात मी जिच्यासाठी आलो होतो ती भेटली: मारिया कान्नोन. पांढऱ्या चिनी मातीची, मांडीवर मूल घेतलेली. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पुढे नागासाकीत लोकांना दर वर्षी येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय द्यावा लागे. लपून धर्म पाळणाऱ्यांनी मग चीनमधल्या तेहुआच्या भट्ट्यांतून येणारी ही बौद्ध मूर्ती घरात ठेवली आणि तिच्यात मरियेला पाहिलं.

कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. वसईच्या खाडीपलीकडे, कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात तो अकरा मुखांनी उभा आहे. आपल्याकडचा हा पुरुष चीनमध्ये बाई झाला, लेकुरवाळी झाला.

दिसायला दोघी सारख्याच. पण मूल पाहा. कान्नोनच्या मांडीवरचं मूल हे मूल मागायला आलेल्या बाईला मिळणारं दान आहे. मरियेच्या हातातलं बाळ हा स्वतः देव. कान्नोन संकटात आपण धावून येते. मरिया त्या बाळाकडे भक्ताची रदबदली करते. त्यामुळे या मूर्तीपुढे उभं राहून ‘सगळं एकच’ म्हणणं मला पटत नाही. ती माणसं याच फरकासाठी जीव धोक्यात घालत होती. तो मातीत कुठेच दिसत नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवलेल्या ‘ओराशो’त, म्हणजे प्रार्थनेत, तो जपलेला होता.

दुपारी ट्रामनं ओउरा चर्चला गेलो. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक इथे आले. दोनशेहून अधिक वर्षं त्यांच्यात एकही धर्मगुरू नव्हता. फादर पतीजाँना आपली श्रद्धा हळूच सांगून त्यांच्यातल्या एका बाईनं विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

बंदी तेव्हा उठली नव्हती. ती संपायला १८७३ उजाडलं. त्या बाईला दाखवलेली मूर्ती चर्चमध्ये उजव्या बाजूच्या वेदीवर आजही आहे, हातात बाळ घेतलेली.