हिरवा दिवा

थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तेवढंच स्टॅटिक बहुतेकांना माहीत असतं. हाताला चटका जाणवतो तेव्हा अंगावर साधारण ३००० व्होल्ट जमलेले असतात. काही चिप्स मात्र शंभरेक व्होल्टलाच जातात. म्हणजे मारणाऱ्याला पत्ताच नाही!

म्हणून असेंब्ली लाइनवर मनगटाला पट्टा बांधतात. पण पट्ट्याने माणसाचं अर्थिंग होतं. प्लास्टिकच्या ट्रेला कितीही अर्थिंग द्या, ढिम्म. तिथे आयोनायझर हवा : हाय व्होल्टेजच्या सुया, धन-ऋण आयन, मागे पंखा.

भोसरीच्या एका कारखान्यात (नाव सोडा) आम्ही टेस्टिंगचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. डिसेंबरात बोर्ड फेल व्हायला लागले आणि सुपरवायझरने थेट एका ताईंवर ठपका ठेवला. म्हणे पट्टा घालत नाहीत. मेमोसुद्धा निघाला. आणि आयोनायझर? त्याचा हिरवा दिवा लागलाय की!

आता तो दिवा काही हवेतले आयन मोजत नाही. त्यासाठी चार्ज्ड प्लेट मॉनिटर लागतो. १५ सेंटिमीटरची चौकोनी प्लेट, कपॅसिटन्स २० पिकोफॅरड. प्लेटला अधिक १००० व्होल्ट द्यायचे आणि १०० वर यायला किती सेकंद लागतात ते बघायचं. मग तेच उणे १००० वरून. शेवटी प्लेट शून्यावर आणून सोडून द्यायची आणि नुसतं बघत बसायचं, कुठे जाऊन थांबते ते. हा ऑफसेट. एएनएसआय/ईएसडी एस२०.२० प्रमाणे तो दोन्हीकडे ३५ व्होल्टच्या आत हवा. कारण तोल गेला की आयोनायझर स्वतःच मालावर चार्ज चढवतो. चोरच पहारेकरी!

रजिस्टरमध्ये दर महिन्याला एकच आकडा होता : २.१ सेकंद, ओके. तो उणे बाजूचा. आम्ही अधिक बाजूने मोजलं, तर प्लेट १४० च्या खाली यायलाच तयार नाही. येणार कशी? ऑफसेटच १४० होता! सुयांच्या टोकांवर पांढरा बुरा साचलेला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुया पुसल्यावर ऑफसेट १२ वर आला.

ताईंच्या पट्ट्याची रोजची टेस्ट आमच्याच डेटाबेसमध्ये होती, सगळीकडे पास. कोणी उघडून बघितली नव्हती एवढंच. प्रिंटआउट काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. मेमो मागे घेतला गेला, पण तीन आठवड्यांनी. रजिस्टरला आता तीन रकाने आहेत. हिरवा दिवा अजून आहेच.