दूरचा हात, जवळचा हात

वैद्यानें रोग्याजवळ बसून परीक्षा करावी, ही आम्हां जुन्या माणसांची श्रद्धा. परंतु तज्ज्ञच सुमारें ६०० किलोमीटर दूर असेल, तर गर्भवतीनें काय करावें? कॅनडांतील सॅस्कॅचेवान प्रांताच्या उत्तरेस ला लोश नांवाचें लहान गांव आहे. तेथें सन २०२० मध्यें कोरोनाची सांथ पसरली. तेव्हां सोनोग्राफीच्या तज्ज्ञांनीं सॅस्काटून शहरीं बसूनच तेथील गर्भवतींची तपासणी केली. तज्ज्ञानें हातांतील नकली प्रोब जसा फिरवावा, तसाच ला लोश येथील यंत्रानें खरा प्रोब मातेच्या उदरावर फिरवावा. कानांस न ऐकूं येणाऱ्या ध्वनिलहरी आंत जाऊन परताव्या, आणि त्यांतून उमटलेलें गर्भाचें चित्र तज्ज्ञास दूर दिसावें, अशी ही योजना.

मात्र एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. तें यंत्र आपण होऊन उदरावर बसत नाहीं. शेजारचा साहाय्यक तें हातानें धरून ठेवतो. निदान करणारी बुद्धि दूर असली तरी चालेल. धीर देणारा हात जवळच हवा. पहिलीची सोय यंत्रानें केली, हें मोठेंच कार्य होय. दुसऱ्याची सोय घरच्या माणसांनींच करावयाची आहे, असें आम्हांस वाटतें.