अस्पष्ट शिक्का

बर्लिनच्या भुयारी रेल्वेत शिरणाऱ्याला कोणी अडवीत नाही, स्थानकावर फाटक नाही, पहारा नाही, सारा कारभार नागरिकाच्या सचोटीवर चालतो, याचे तेथून परतणाऱ्या प्रत्येकाने तोंडभरून कौतुक करावे असा आपल्याकडे परिपाठच पडला आहे. आणि २०१८ साली मुलीकडे राहावयास गेल्यावर पहिले काही दिवस मीही पत्रांतून ते कौतुक यथास्थित केले होते. आज तसे करावयास लेखणी धजत नाही, आणि त्याला कारण झाला तो मॉरित्झप्लाट्झच्या फलाटावर उभा असलेला एक गवंडी.

तेथील तिकिटाची तऱ्हा थोडक्यात सांगून टाकतो. शहराभोवती सुमारे सदतीस किलोमीटरांचे लोहमार्गाचे कडे आहे. त्याच्या आतला भाग ‘ए’, कड्यापासून शहराच्या हद्दीपर्यंतचा ‘बी’. दोहोंचे मिळून तिकीट त्या वेळी २.८० युरोंना मिळे, ते एकाच दिशेने दोन तास चाले, परंतु फलाटावरील लहानशा पेटीत घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घेईपर्यंत त्याला कागदाच्या कपट्याहून अधिक किंमत नसे. शिक्का नसलेले तिकीट आणि तिकीटच नसणे यांत कायदा काडीचाही भेद करीत नाही. दंड दोहोंना सारखाच, साठ युरो.

त्या दिवशी मी बेर्नाउअर श्ट्रासे येथील बर्लिन भिंतीचे स्मारक पाहावे म्हणून हेर्मानप्लाट्झला आलो. पेटीपाशी माझ्यापुढे पन्नाशीचा एक माणूस उभा होता. बुटांवर वाळलेल्या चुन्याचे थर, हातात रंगाची रिकामी बादली. त्याने तिकीट पेटीत सरकवले, पेटी खट् वाजली, त्याने ते काढून घेतले. मागोमाग मी माझे सरकवले. आम्ही एकाच डब्यात चढलो. कोटबुसर टोरला गाडी थांबली तेव्हा साध्या जाकिटांतले दोन तरुण इतर उतारूंसारखेच आत आले, आणि दारे मिटून गाडी हलल्यावर मगच त्यांनी खिशातून ओळखपत्रे काढून तिकिटे मागावयास सुरुवात केली. त्या गवंड्याचे तिकीट एकाने दिव्याकडे धरले, उलटून पाहिले, पुन्हा दिव्याकडे धरले. शाई सुकत आलेल्या त्या पेटीने कागदावर करड्या धुरकट रेघेपलीकडे काही उमटवले नव्हते. माझ्याही तिकिटावर तीच रेघ होती. मात्र दैवयोगाने तीत तासाचे दोन आकडे वाचता येत होते, म्हणून माझे तिकीट आभारपूर्वक परत मिळाले आणि त्याला पुढल्या स्थानकावर उतरण्याचा हुकूम झाला.

मीही उतरलो. तरुणपणी पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात शिकलेली जर्मन भाषा अशा प्रसंगी कितपत उपयोगी पडावी! तरीही, या गृहस्थाला तिकिटावर शिक्का मारताना मी प्रत्यक्ष पाहिले आहे, पेटी तीच, वेळ तीच, हे माझे तिकीट पाहा, एवढे मी व्याकरण सांभाळून सांगितले. तपासनिसाने ते शांतपणे ऐकून घेतले, माझ्या सौजन्याबद्दल आभार मानले, आणि साक्षीपुरावा घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, हरकत असल्यास मजकूर इसमाने कचेरीकडे लेखी अर्ज करावा, असे उत्तर देऊन तो पावती फाडावयास लागला. तो उर्मटपणे बोलला असता तर मला भांडता तरी आले असते. वर्णभेदाचा आरोपही करण्याची सोय नव्हती, कारण आम्हांत सर्वांत काळा मीच होतो आणि सुटलेलाही मीच. गवंडी एक अक्षर बोलला नाही. त्याने पावतीची चौघडी घालून ती शर्टाच्या खिशात ठेवली, बादली उचलली, आणि जणू काही घडलेच नाही अशा चर्येने तो पुढल्या गाडीची वाट पाहत उभा राहिला. असल्या अर्जांची वाट त्याला माझ्याहून अधिक ठाऊक असावी.

आम्ही उतरलो ते मॉरित्झप्लाट्झ हे भिंतीच्या काळात पश्चिमेकडील शेवटचे स्थानक. तेथून पुढे ही गाडी पूर्व बर्लिनच्या पोटातून, मंद दिव्यांखाली सशस्त्र शिपाई उभे असलेली सहा बंद स्थानके न थांबता ओलांडून पुन्हा पश्चिमेत निघत असे. जी भिंत पाहण्यासाठी मी निघालो होतो तिच्याविषयीची उत्सुकता मात्र माझ्यात उरली नव्हती. स्मारकापुढे उभे राहूनही मी मनातल्या मनात तपासनिसाशीच वाद घालीत होतो.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही कशाला उतरलात? उगाच तुमच्यावरही काही आलं असतं तर?” आणि मग तिनेच जी माहिती दिली तिने माझी झोप उडाली. विनातिकीट प्रवास हा तेथे केवळ दिवाणी देण्याघेण्याचा विषय नसून फौजदारी गुन्हा आहे. दंडसंहितेचे २६५ अ हे कलम १९३५ साली, म्हणजे हिटलरच्या अमदानीत, दाखल झाले, आणि त्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. वारंवार सापडणाऱ्यावर फिर्याद होते, न्यायालय दंड ठोठावते, आणि तो न भरणाऱ्याला दंडाच्या बदली तुरुंगात दिवस काढावे लागतात. बर्लिनच्या प्लॉट्झेनझे तुरुंगात असे कैदी असत. पुढे २०२१ साली काही नागरिकांनी वर्गणीतून अशांचे दंड भरून त्यांना सोडवून आणण्याचा उपक्रम सुरू केला. ज्याच्यापाशी तिकिटापुरते पैसे नाहीत त्याच्याकडून दंड वसूल होत नाही म्हणून त्याला सरकारी खर्चाने पोसावयाचे, हा हिशेब कोणत्या जमाखर्चात बसतो, हे मला कोणी समजावून सांगावे.

आपल्याकडील व्यवस्था याहून उदार आहे असे मात्र मला म्हणता येत नाही. आपल्या १९८९ च्या रेल्वे कायद्यातही विनातिकीट प्रवासाला सहा महिन्यांपर्यंत कैद आहेच, आणि मुंबईच्या बहुतेक लोकल स्थानकांवरही फाटक नाही. तेव्हा उघड्या दाराचे नवल मुंबईकराने का करावे? पण आमचा टी. सी. काळा कोट घालून पुलाच्या पायऱ्यांशी उघडपणे उभा असतो. त्याला दुरून पाहून पापी माणूस मार्ग बदलतो हे खरे, परंतु राजसत्तेने प्रजेसमोर आपल्या वेषात यावे, ही मर्यादा आपल्याकडे पाळली जाते. सचोटीवर विश्वास टाकावयाचा आणि मग वेषांतर करून शेजारी येऊन बसावयाचे, हा विश्वास मला संशयाहून जड वाटतो. बर्लिनला नव्याने जाणाऱ्याने शिक्का मारल्यावर तिकीट उजेडात धरून आकडे वाचावेत, आणि ते फिकट असतील तर दुसरी पेटी गाठावी. महिनाभर राहणाऱ्याने सरळ मासिक पासच काढावा. त्याला पेटीचे पाय धरावे लागत नाहीत.

मी पास काढला. पुढे एकदा तेच साधे जाकीटवाले डब्यात आले आणि मोठमोठ्याने हसत, समोरच्या बाकावर पाय ठेवून बसलेले दोन कॉलेजकुमार तिकिटाविना सापडले, तेव्हा मला चांगलेच समाधान वाटले. माझा पास मागण्याआधीच मी पुढे केला होता.